गेलेले वजन जाते कुठे, आणि मित्र लागतात कशाला?

एखाद्या गृहस्थांचे वजन सहा महिन्यांत दहा किलोने उतरले, तर ती दहा किलो चरबी गेली कुठे? हा प्रश्न घरातील मोठ्या माणसांना विचारून पाहा. कोणी म्हणेल, घामावाटे गेली. कोणी म्हणेल, तिची उष्णता झाली. कोणी म्हणेल, चरबीचे स्नायू बनले. ही तिन्ही उत्तरे बरोबर नाहीत. वस्तुमानाच्या अक्षय्यतेचा नियम तुम्ही शाळेत शिकला आहात. रासायनिक क्रियेत द्रव्य नाहीसे होत नाही. मग ही दहा किलो चरबी कोणत्या तरी रूपाने, कोणत्या तरी वाटेने शरीराबाहेर गेलीच असली पाहिजे.

या प्रश्नाचे उत्तर आपण प्रथम शोधू. त्यातून दुसरा प्रश्न निघतो. वजन उतरण्यामागचे शास्त्र सरळ आहे, तर मग ते इतक्या लोकांना का जमत नाही, आणि जमले तरी टिकत का नाही? आणि तिसरा प्रश्न असा, की या कामी मित्रांचा खरोखर काही उपयोग होतो का? प्रस्तुत लेखक भौतिकशास्त्र शिकवतो, तो डॉक्टर नव्हे. परंतु या प्रश्नांत मोजमाप, मोजमापातील चढउतार आणि शक्यतेचे गणित हे सारे आले आहे, आणि ते तुमच्या इयत्तेच्या गणिताने सुटण्यासारखे आहे.

चरबीची वाट

मानवी चरबीच्या एका सरासरी रेणूत कार्बनचे ५५, हायड्रोजनचे १०४ आणि ऑक्सिजनचे ६ अणू असतात. असा एक रेणू शरीरात पूर्णपणे जळण्यास ऑक्सिजनचे ७८ रेणू लागतात. त्यातून कार्बन डायऑक्साइडचे ५५ आणि पाण्याचे ५२ रेणू तयार होतात. कार्बन १२, हायड्रोजन १ आणि ऑक्सिजन १६ हे अणुभार घेऊन समीकरणाच्या दोन्ही बाजू तुम्हीच तपासून पाहा. चरबीचा रेणुभार ८६० येईल आणि दोन्ही बाजूंची बेरीज ३३५६ भरेल.

आता त्रैराशिक मांडा. दहा किलो चरबी जळण्यास सुमारे २९ किलो ऑक्सिजन श्वासातून आत घ्यावा लागतो, आणि त्यातून सुमारे २८ किलो कार्बन डायऑक्साइड व ११ किलो पाणी तयार होते. चरबीतील मूळच्या अणूंपैकी किती कोठे जातात, याचा हिशेब रूबेन मीरमन आणि अँड्र्यू ब्राउन या ऑस्ट्रेलियातील दोघांनी २०१४ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये मांडला. दहा किलोंपैकी ८.४ किलो कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने उच्छ्वासावाटे जाते, आणि उरलेले १.६ किलो पाणी होऊन लघवी, घाम व बाष्प यांवाटे जाते. म्हणजे वजन उतरवणाऱ्या माणसाची बहुतेक चरबी नाकावाटे हवेत जाते. अर्थात जोरजोराने श्वास घेतल्याने वजन उतरत नाही. शरीराला ऊर्जेची गरज असेल तेवढीच चरबी जळते आणि तेवढाच वायू बाहेर पडतो.

ही ऊर्जा उष्मांकांत मोजतात. एक किलोग्रॅम पाण्याचे तापमान एका अंशाने वाढवण्यास लागणारी उष्णता म्हणजे आहारशास्त्रातला एक उष्मांक. शरीरातील एक किलो चरबीयुक्त ऊतीत सुमारे ७७०० उष्मांक साठवलेले असतात. एवढ्या उष्णतेने २३ अंशांचे १०० लिटर पाणी उकळीपर्यंत तापेल. आता दुसरी बाजू पाहा. ७० किलो वजनाच्या माणसाने तासभर झपझप चालल्यास सुमारे २०० ते २५० उष्मांक खर्च होतात. मध्यम आकाराच्या एका केळ्यात सुमारे १०० उष्मांक असतात, आणि शेवभाजीवर तरंगणाऱ्या तर्रीतील मोठा चमचाभर तेलात १२०. दोन चमचे तेल जास्त झाले, की तासाभराचे चालणे त्यात फिटते. साठा इतका मोठा आणि रोजचा खर्च इतका लहान असल्यामुळे हे काम मंद गतीनेच होणार, हे यावरून ध्यानात येईल.

पासष्ट ग्रॅम आणि एक किलो

समजा, एखाद्याने खाणे थोडे कमी करून व चालणे वाढवून रोज ५०० उष्मांकांची तूट पाडली. ७७०० उष्मांकांना एक किलो, तर ५०० उष्मांकांना सुमारे ६५ ग्रॅम. म्हणजे रोज ६५ ग्रॅम, आणि आठवड्याला जेमतेम अर्धा किलो. इतके नेटाने करूनही एका दिवसाची कमाई ती एवढीच.

आता काट्याकडे वळू. इटलीतील पदुआ येथे सांतोरिओ नावाचा वैद्य होऊन गेला. त्याने मोठ्या तराजूला खुर्ची टांगली, वर्षानुवर्षे त्या खुर्चीत बसून स्वतःचे वजन केले, आणि खाल्लेले, प्यालेले व शरीराबाहेर टाकलेले सर्व तोलून पाहिले. १६१४ मध्ये त्याने आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. खाल्ल्याप्यालेल्या द्रव्याच्या निम्म्याहून अधिक भाग कोणाच्या नकळत शरीरातून निघून जातो, असे त्याला आढळले. त्यातील बराचसा भाग म्हणजे त्वचेतून व श्वासातून जाणारे पाण्याचे बाष्प होय.

सांतोरिओच्या खुर्चीत आपण बसलो, तर काय दिसेल? लिटरभर पाणी प्यालो, की वजन त्याच क्षणी एक किलोने वाढते. वैशाखात खानदेशच्या उन्हात दोन तास काम केले, की घामाने तितकेच घटते. रात्री खारट खाल्ले, तर शरीर पाणी धरून ठेवते. यकृतात व स्नायूंत साखरेचा जो साठा असतो, तो आपल्या वजनाच्या सुमारे तिप्पट पाणी जवळ बाळगतो. उपवासाच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत वजन भराभर उतरते ते मुख्यतः या पाण्यामुळे, आणि जेवण सुरू होताच ते परत येते. या सर्व कारणांनी एकाच माणसाचे वजन एकाच दिवसात एक किलोने, क्वचित दोन किलोंनीही खालीवर होते.

मोजायचे ६५ ग्रॅम आणि हेलकावा एक किलोचा! प्रयोगशाळेत असा प्रसंग आला, तर एका वाचनावरून निष्कर्ष काढू नका, असे आम्ही तुम्हांला सांगतो. पुष्कळ वाचने घ्या, सरासरी काढा, आलेख काढा. परंतु वजन उतरवू पाहणारा माणूस बहुधा एकटाच काट्यावर उभा असतो. आठ दिवस तर्री टाळली, पहाटे उठून चालला, आणि काटा अर्धा किलो जास्त दाखवतो. तो म्हणतो, "आपल्याला काही हे जमायचे नाही." त्या दिवशी संध्याकाळपासून सारे सुटते. त्याची चरबी कदाचित कमी झालेलीही असेल. त्याने पाण्याचा हेलकावा वाचला आणि त्याला आपले अपयश समजला. शेजारी कोणी जाणकार मित्र असता, तर म्हणाला असता, "अहो नाना, कालच्या लग्नाचे मीठ बोलते आहे ते. पंधरा दिवसांनी बघू."

शरीराचा विरोध

अडचण एवढ्यावर थांबत नाही. वजन उतरू लागले, की शरीरही आपला खर्च आवरते घेते. शरीर लहान झाल्याने खर्च घटणार, हे तर उघडच आहे. पण खर्च त्याहूनही अधिक घटतो. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४ ते ४५ या काळात, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीने, २४ आठवडे अर्धपोटी ठेवले. युद्धानंतर भुकेलेल्या लोकांना पुन्हा खाऊ कसे घालावे, हे त्यांना जाणून घ्यायचे होते. त्या तरुणांचे वजन सुमारे चतुर्थांशाने घटले. त्यांना थंडी वाजू लागली, हालचाली मंदावल्या, आणि जागेपणी व स्वप्नात ते अन्नाचाच विचार करू लागले.

२०१६ मध्ये आणखी एक निरीक्षण प्रसिद्ध झाले. वजन उतरवण्याच्या एका अमेरिकी दूरदर्शन स्पर्धेतील १४ स्पर्धकांची केव्हिन हॉल व त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा वर्षांनंतर पुन्हा तपासणी केली. स्पर्धेत त्यांनी सरासरी ५८ किलो घालवले होते. त्यांपैकी ४१ किलो परत आले होते. आणि त्यांचे शरीर विश्रांतीच्या वेळी, त्या वजनाच्या माणसाकडून अपेक्षित असते त्यापेक्षा रोज सुमारे ५०० उष्मांक कमी खर्च करीत होते.

यावरून काय घ्यायचे? वजन परत आले म्हणजे तो माणूस आळशी आहे किंवा खादाड आहे, असे म्हणणे शास्त्राला धरून नाही. ज्यांनी स्पर्धेत दिवसचे दिवस घाम गाळला, त्यांना आळशी कोण म्हणेल? घसरण ही या वाटेवरची नेहमीची गोष्ट आहे. ती होणारच, असे धरून चालावे. खरा प्रश्न आहे तो घसरल्यावर पुन्हा वाटेला लागण्याचा.

एकट्याचे गणित आणि चौघांचे गणित

येथे मित्र येतात. आपण एक साधे गणित करू. समजा, चोपड्यातील चार मित्र रोज पहाटे यावल रस्त्याने फिरायला जायचे ठरवतात. एक शिक्षक, एक केळीचा व्यापारी, एक एस.टी.चा वाहक आणि एक दुकानदार. चौघेही तुमच्या-आमच्यासारखीच माणसे, तेव्हा प्रत्येक जण चार दिवसांतून एक दिवस दांडी मारतो असे धरू. म्हणजे कोणत्याही एका पहाटे प्रत्येकाच्या दांडीची शक्यता १/४.

एकटाच जाणारा असेल, तर वर्षातून सुमारे ९१ पहाटे रस्ता रिकामा राहील. दोघे असतील, तर दोघांनीही एकाच दिवशी दांडी मारण्याची शक्यता १/४ गुणिले १/४, म्हणजे १/१६. वर्षातून सुमारे २३ दिवस. तिघांची १/६४, म्हणजे सहा दिवस. आणि चौघांची १/२५६, म्हणजे वर्षातून एखाद-दुसरा दिवस! कोणाचाही निश्चय वाढलेला नाही. प्रत्येक जण पूर्वीइतकाच दांड्या मारतो आहे. तरीही ते फिरणे मात्र जवळजवळ अखंड चालू आहे.

या अखंडपणाचा फायदा परत येणाऱ्याला होतो. आठ दिवस तापाने अंथरुणावर असलेला वाहक नवव्या दिवशी कोपऱ्यावर येतो, तेव्हा तिथे कोणी ना कोणी उभे असतेच. त्याला नव्याने सुरुवात करावी लागत नाही. जे चालूच आहे, त्यात पुन्हा सामील व्हायचे असते. शिवाय तो आला नाही हे कोणाच्या तरी ध्यानात आलेले असते.

सपाट टेबलावर एक गोटी ठेवा आणि तिला टिचकी मारा. ती घरंगळत जाते आणि जिथे थांबेल तिथेच राहते. तीच गोटी उथळ वाटीत ठेवून टिचकी मारा. ती हलते, काठाकडे चढते आणि पुन्हा तळाशी येते. वाटीने टिचकी अडवली नाही. तिने गोटीला परत येण्यासाठी उतार दिला. मित्रांचा गट हा असा उतार आहे.

आपल्या गणितात एक गोष्ट आपण गृहीत धरली आहे, ती चाणाक्ष वाचकांच्या ध्यानात आली असेल. शक्यतांचा गुणाकार तेव्हाच करता येतो, जेव्हा एकाच्या दांडीचा दुसऱ्याच्या दांडीशी संबंध नसतो. चौघेही एकाच वरातीत रात्रभर जागले, किंवा श्रावणात झड लागली, तर चौघांची दांडी एकदमच पडेल. म्हणून गटात निरनिराळ्या कामधंद्यांची माणसे असलेली बरी.

प्रयोग काय सांगतात

गणित कागदावर ठीक आहे, पण प्रत्यक्षात काय होते? अमेरिकेत न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणाऱ्या जीन निडेच या गृहिणीने १९६१ मध्ये वजन उतरवताना धीर सुटू लागल्यावर आपल्या सहा मैत्रिणींना घरी बोलावले आणि दर आठवड्याला एकमेकींशी मोकळेपणाने बोलायचे ठरवले. त्या बैठकीतून १९६३ मध्ये एक संस्था उभी राहिली आणि पुढे ती जगभर पसरली.

१९९९ मध्ये रीना विंग आणि रॉबर्ट जेफरी या संशोधकांनी १६६ लोकांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. काही जण एकेकटे आले होते, काहींनी आपले तीन मित्र बरोबर आणले होते. सर्वांना चार महिने सारखेच मार्गदर्शन मिळाले, पण काही गटांना एकमेकांना आधार देण्याचे वेगळे शिक्षणही दिले गेले. एकटे आलेल्या व असे शिक्षण न मिळालेल्या लोकांपैकी ७६ टक्के चार महिने टिकले, आणि उतरलेले वजन दहाव्या महिन्यापर्यंत पूर्णपणे राखणारे २४ टक्के निघाले. मित्रांसह आलेल्या व आधाराचे शिक्षण मिळालेल्या लोकांत हेच आकडे ९५ आणि ६६ टक्के होते.

फरक मोठा आहे. परंतु विज्ञानाच्या विद्यार्थ्याने येथे एक शंका काढली पाहिजे. कोण एकटा येणार आणि कोण मित्रांसह, हे संशोधकांनी चिठ्ठ्या टाकून ठरवले नव्हते. ज्याला तीन मित्र गोळा करता येतात, तो माणूस मुळातच अधिक उत्साही नसेल कशावरून? म्हणून हा पुरावा चांगला आहे, पण अखेरचा नाही.

आपल्या देशातील एक प्रयोगही पाहू. केरळात तिरुअनंतपुरम जिल्ह्यात मधुमेहाचा धोका असलेल्या १००७ लोकांची ६० मतदानकेंद्रांच्या क्षेत्रांतून निवड केली गेली. निम्म्या क्षेत्रांत गावातल्याच माणसांना शिक्षण देऊन त्यांच्या पुढाकाराने गट चालवले. निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन वर्षांत मधुमेह झालेल्यांचे प्रमाण गटांच्या क्षेत्रांत १४.९ टक्के आणि इतरत्र १७.१ टक्के होते. हा फरक निव्वळ योगायोगाने पडलेला असणे शक्य होते, म्हणून मधुमेह टळला असे संशोधकांनी ठामपणे म्हटले नाही. मात्र गटांतील लोकांचे फळे-भाज्यांचे सेवन वाढले आणि मद्यपान कमी झाले. म्हणजे सोबतीने माणसांच्या सवयी बदलतात, पण सोबत ही काही जादूची कांडी नव्हे.

महाराष्ट्रात असे गट २०१० नंतरच्या दशकात फार मोठ्या प्रमाणावर दिसले. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत प्राध्यापक असलेल्या डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी, नागपूरचे कै. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारावरून, दिवसातून दोनच वेळा जेवावे आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालावे, असा प्रचार केला. गावोगावच्या लोकांनी मोबाइलवर गट केले, आपापल्या तपासण्यांचे आकडे एकमेकांना कळवले आणि अडलेल्याला स्वयंसेवकांनी सल्ला दिला. या आहारपद्धतीविषयी आहारतज्ज्ञांत मतभेद आहेत आणि त्या वादात आपण येथे पडणार नाही. पण ती इतक्या घरांत पोचली, त्याला "किती वेळा जेवावे" या उत्तराइतकेच "आज जमले का?" असे विचारणारे कोणी तरी मिळणे हेही कारण असावे, असे मला वाटते.

आजारपण मध्ये आले तर

वजन उतरवणारे बहुतेक जण प्रौढ असतात आणि त्यांच्यातील अनेकांना मधुमेह, रक्तदाब किंवा गुडघेदुखी असते. त्यामुळे मित्रांना काही गोष्टी माहीत असणे फार महत्त्वाचे आहे. त्यांतील काही तुम्हीही लक्षात ठेवाव्यात, कारण घरात आजोबा-आजींच्या वेळी त्या उपयोगी पडतील.

मधुमेहाच्या ज्या रुग्णाला इन्सुलिन किंवा रक्तातील साखर खाली आणणाऱ्या काही गोळ्या चालू आहेत, त्याने मनानेच जेवण कमी केले आणि वर चालणे वाढवले, तर रक्तातील साखर धोक्याइतकी उतरू शकते. दरदरून घाम, हातपाय थरथरणे, छातीत धडधड, असंबद्ध बोलणे ही तिची लक्षणे आहेत. माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल, तर तीन छोटे चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यावी, आणि पंधरा मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा द्यावी. बेशुद्ध असेल, तर तोंडात काहीही घालू नये. १०८ क्रमांकावर फोन करून तत्काळ रुग्णालयात न्यावे. फिरायला जाणाऱ्या गटात एकाच्या खिशात साखरेची पुडी असणे आणि बाकीच्यांना ती कशासाठी आहे हे ठाऊक असणे, यावर एखाद्याचा जीव अवलंबून असू शकतो. आणि आहार बदलण्यापूर्वी औषधाची मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घेणे, हे तर पहिले काम.

दुसरी गोष्ट अशी, की वजन उतरले म्हणजे नेहमीच आनंद मानू नये. काही प्रयत्न न करता कोणी भराभर वाळत असेल, सारखी तहान लागत असेल, किंवा दोन आठवडे खोकला व संध्याकाळचा ताप असेल, तर ती मधुमेहाची किंवा क्षयाची लक्षणे असू शकतात. अशा वेळी "वा अण्णा, छान बारीक झालात!" असे म्हणणारा मित्र अजाणता नुकसान करतो. "तपासून घ्या, मी बरोबर येतो" असे म्हणणारा मित्र हवा. तापातून उठलेल्याचे वजन कमी भरते, तेव्हा त्यात स्नायूंचाही भाग गेलेला असतो. त्याने आधी नीट जेवून ताकद भरून काढायची असते. उलट काही औषधांनी वजन वाढते. तो दोष माणसाचा नव्हे.

काटा सर्व काही सांगत नाही

वजन किलोग्रॅममध्ये घेऊन त्याला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले, की जो आकडा येतो, त्याला शरीरवस्तुमान निर्देशांक म्हणतात. २००४ मध्ये पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्राध्यापक जॉन युडकिन या दोन मित्रांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच छायाचित्र छापले. दोघांचाही निर्देशांक २२.३ होता. परंतु यंत्राने मोजले, तेव्हा युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के चरबी निघाली, आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के! दिसायला सडपातळ भारतीय माणूस आतून चरबीयुक्त असू शकतो, हे त्या छायाचित्राने जगाला पटवून दिले. म्हणूनच भारतीय प्रौढांच्या बाबतीत धोक्याची रेषा २५ ऐवजी २३ वर धरली जाते.

याचा तुमच्याशी संबंध आहे. वर्गात एखाद्याला 'जाड्या' आणि दुसऱ्याला 'काडी' म्हणून चिडवणारा मुलगा क्रूर तर असतोच, शिवाय त्याचे मोजमापही चुकीचे असते. डोळ्यांना जे दिसते, त्यावरून आतली प्रकृती कळत नाही. शाळेतील आरोग्य तपासणीच्या वेळी मुलांची वजने वर्गासमोर मोठ्याने वाचली जाऊ नयेत, अशी शिक्षकबंधूंना आणि भगिनींना विनंती आहे. जो आकडा त्या मुलाने आणि त्याच्या पालकांनी पाहायचा, त्याचा चारचौघांत उच्चार झाला, की मूल काट्याला घाबरू लागते.

आणखी एक महत्त्वाचे. या लेखातील तुटीचे हिशेब प्रौढांसाठी आहेत. तुमचे वय वाढीचे आहे. या वयात उंची, हाडे व स्नायू वाढतात, तेव्हा वजन वाढलेच पाहिजे. प्रौढांचे निर्देशांक तुम्हांला लागू पडत नाहीत. तुम्ही जेवण सोडायचे नाही, उपाशी राहायचे नाही. वजनाची काळजी वाटत असेल, तर आईवडिलांना सांगून डॉक्टरांकडे जायचे. तुमच्या मित्राला तुम्हांला मदत करायची असेल, तर त्याला खेळायला बोलवा. तो धावण्यात मागे राहिला, तर थोडे थांबा. त्याच्या डब्यावर लक्ष ठेवू नका आणि त्याच्या वजनाची चौकशी करू नका. तो चार दिवस आला नाही, तर मात्र त्याच्या घरी जा.

करून पाहा

घरातील एखाद्या प्रौढ व्यक्तीला विचारा, आणि ती आनंदाने तयार असेल तरच हा प्रयोग करा. सलग २८ दिवस रोज सकाळी, काही खाण्यापिण्यापूर्वी, एकाच काट्यावर व सारख्याच कपड्यांत त्यांचे वजन घ्या. आलेखाच्या कागदावर आडव्या अक्षावर दिवस आणि उभ्या अक्षावर वजन मांडा. मग सातव्या दिवसापासून प्रत्येक दिवसासाठी, तो दिवस आणि त्यामागचे सहा दिवस यांची सरासरी काढून दुसऱ्या रंगाने मांडा. पहिली रेषा करवतीच्या दातांसारखी येईल, दुसरी बरीच सौम्य येईल.

वहीच्या कडेला त्या त्या दिवसाची नोंदही करा: एकादशी, पाहुणचार, लग्नाची पंगत, ताप, कडक ऊन. करवतीचे कोणते दात कोणत्या नोंदीसमोर येतात, ते शोधा. आणि ज्या दिवशी काटा उगाचच वर गेलेला दिसेल व त्या व्यक्तीचा चेहरा उतरेल, त्या दिवशी दुसऱ्या रंगाची रेषा त्यांना दाखवा. त्या सकाळी त्यांच्या शेजारी उभे राहणारे तुम्हीच असाल.